पॅकिंग नवे, तरी ऑइल का ठिबकते?

प्रश्न : माझ्याकडे जुनी डिझेल जीप आहे. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचे पॅकिंग गेल्या वर्षभरात दोनदा बदलून झाले. दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना भरपूर सिलिकॉन लावले आणि बोल्ट 'आता बापजन्मी हलणार नाहीत' इतके आवळले. महिनाभर बरे गेले, मग अंगणातल्या फरशीवर पुन्हा काळा डाग. हल्ली पॅकिंगच बनावट येतात का? की ऑइलच्या दाबापुढे कोणतेच पॅकिंग टिकत नाही? तिसऱ्यांदा हे काम काढावे तर वेगळे काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : बनावट पॅकिंग बाजारात मिळतात, नाही असे नाही. पण आळ घ्यायचाच तर पॅकिंगवर सगळ्यात शेवटी घ्यावा. तुमच्या पत्रातच दोन संशयित समोर उभे आहेत. एक ते 'भरपूर' सिलिकॉन आणि दुसरे ते बापजन्मी न हलणारे बोल्ट. त्यांच्याकडे येऊच, पण आधी दाबाचा गैरसमज दूर करू, कारण बोल्ट जास्त आवळण्याच्या मुळाशी तोच असतो.

इंजिनात ऑइलला दाब असतो हे खरे. पंप जाळीतून ऑइल ओढतो आणि चांगल्या जोराने क्रँकच्या बेअरिंगांकडे, वर टॅपेटकडे ढकलतो. हा सगळा दाब पंपापासून बेअरिंगपर्यंतच्या नळ्यांमध्ये आणि भोकांमध्ये. बेअरिंगच्या फटीतून बाहेर पडले की ऑइलचा जोर संपतो आणि ते आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये पडते. चेंबर म्हणजे पत्र्याचा खोलगट ट्रे. इंजिन बंद असताना ऑइलची पातळी त्याच्या काठाच्या खालीच असते. चालू असताना काठावर फक्त शिंतोडे येतात आणि भिंतीवरून ओघळ उतरतात. म्हणजे पॅकिंगला अडवायचा असतो तो ऑइलचा एक पातळ थर, दाबाखालची धार नव्हे. एवढ्या कामाला राक्षसी ताकदीने आवळण्याची गरज नाही.

आता तिसऱ्यांदा पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा : गळती चेंबरचीच आहे का? चेंबर इंजिनात सर्वांत खाली. त्यामुळे वर कुठेही गळले तरी ओघळ शेवटी त्याच्या काठाशी येऊन थांबतो आणि तिथूनच थेंब पडतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची रबरी रिंग, क्रँकचे पुढचे आणि मागचे सील, यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. गाडी धावताना वारा ओघळ मागे ढकलतो, म्हणून डाग जिथे दिसतो त्याच्या पुढे आणि वर शोधायची सवय ठेवावी. ड्रेन नटखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर जुनाच पुन्हा वापरला असेल तर तो एकटाच फरशी काळी करायला पुरेसा आहे. आणि थेंब इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्याखालच्या छिद्रातून पडत असेल, तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय पहिला. तिथे चेंबरचे पॅकिंग दहा वेळा बदलूनही उपयोग नाही.

शोधण्याची युक्ती अगदी घरगुती आहे. इंजिनाचा खालचा भाग रॉकेलने किंवा डीग्रीझरने धुऊन कोरडा करा. मग चेंबरच्या काठावर, त्याच्या वर हातभर उंचीपर्यंत आणि फिल्टरच्या आसपास साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पट्टे आणि फिरत्या भागांपासून दूर. पंधरा-वीस मिनिटे गाडी फिरवून आणा, सपाट जागी लावा आणि बॅटरी घेऊन खाली वाका. पांढऱ्यावर करड्या रंगाची एक बारीक रेघ उमटलेली दिसेल. तिचे खालचे टोक पाहू नका, वरचे पाहा. वरचे टोक चेंबरच्या काठाशीच संपत असेल तर पॅकिंगचे काम खरे. काठ ओलांडून वर जात असेल तर चेंबर निर्दोष. पुष्कळदा ही रेघ टॅपेट कव्हरपर्यंत पोचते आणि तासाभराच्या कामावर भागते.

दुसरी तपासणी ब्रीदरची, आणि जुन्या डिझेल इंजिनात ही विसरू नये. ऑइलचा दाब काठाशी नसतो असे वर म्हटले. पण वायूचा असू शकतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या बगलेतून खाली निसटतोच. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी किंवा व्हॉल्व असतो. नळीत ऑइलचा चिकटा आणि धूळ साचून ती तुंबली, की वायू आत कोंडतो आणि बाहेरची वाट शोधू लागतो. सर्वांत कमकुवत सांधा सापडला की तिथून ऑइलसकट बाहेर पडतो. रिंगा झिजलेल्या इंजिनात हा वायू इतका असतो की ऑइलची पट्टी आपोआप वर उचललेली सापडते. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहा. थोडी फुसफुस चालते. पण धूर फकफक करत बाहेर येत असेल किंवा झाकण उडू पाहत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. तो साफ असूनही तसेच असेल तर दुखणे रिंगांचे आहे आणि ते पॅकिंगने बरे होणार नाही. तुमच्याकडे 'महिनाभर बरे, मग पुन्हा' असे झाले. ब्रीदर तुंबलेला असला तर नव्या पॅकिंगचे नेमके असेच होते, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

समजा, दोन्ही तपासण्या झाल्या आणि रेघ चेंबरच्या काठाशीच थांबली. आता बोल्टांकडे. चेंबरचा काठ पातळ पत्र्याचा, त्याला काही इंचांवर एकेक बोल्ट. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर खेचला जातो. दोन बोल्टांच्या मधला भाग मात्र तिथेच राहतो. मांडवाचे कापड बांबूंपाशी ताठ आणि मधे झोळ पडलेले असते, तसा काठ होतो. बोल्टाखाली पॅकिंग चिरडून चिरते आणि झोळापाशी त्यावर भारच येत नाही. ऑइल झोळातून पाझरते. पाझर दिसला की आपण आणखी आवळतो, झोळ आणखी वाढतो. एकदा असा वाकलेला काठ सरळ न करता त्यावर नवे पॅकिंग बसवले तर ते पहिल्या दिवसापासून गळायच्या तयारीत असते. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात बहुधा हेच घडले.

किती आवळावे? दहाच्या पान्याचे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे बोल्ट असतील तर साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर पुरते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळेल आणि तोच मानावा. अंदाज यावा म्हणून सांगतो : चाकाचा नट यापेक्षा दहापट जोराने आवळतात. पाना डोक्यापासून १० सेंटिमीटरवर धरला तर १० न्यूटन-मीटरसाठी साधारण १० किलोचा जोर लागतो. तोच पाना २० सेंटिमीटरवर धरला तर जोर निम्मा लागतो आणि हाताला 'काहीच आवळले नाही' असे वाटून आपण पुढे जातो. म्हणून टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना घ्यावा, किंवा लांब पाना डोक्याजवळ धरावा. पान्याला पाइप लावणे वगैरे शौर्य चाकांसाठी राखून ठेवा.

पॅकिंग कशाचे आहे यावरही बरेच अवलंबून आहे. जुन्या गाड्यांना कॉर्कचे किंवा कॉर्क आणि रबराच्या मिश्रणाचे येते, नव्यांना रबराचे. कॉर्क म्हणजे एका ओक झाडाची साल. जगातले निम्मे कॉर्क एकट्या पोर्तुगालातून येते. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा त्याची साल सोलून घेतात. कॉर्कचा गुण असा की दाबले तर ते आतल्या आत दबते, बाजूला फुगत नाही. म्हणून तर ते बाटलीच्या तोंडात ठोकता येते. रबराचे उलट आहे. ते मुळात लहान होत नाही, फक्त जागा बदलते. जास्त दाबले की काठाबाहेर पळते आणि भोकापाशी फाटते. चांगल्या रबरी पॅकिंगमध्ये म्हणूनच बोल्टांच्या भोकांत लोखंडाच्या छोट्या नळ्या बसवलेल्या असतात. बोल्ट त्या नळीला टेकला की काम झाले. त्यापुढे आवळून रबराला काही पोचत नाही, फक्त आटे जातात. दोन्ही प्रकार उष्णतेने हळूहळू कडक होतात, हे मात्र समान.

कॉर्कचे एक जुने दुखणे म्हणजे आकसणे. दुकानात खिळ्याला वर्षानुवर्षे टांगलेले पॅकिंग वाळून एवढे लहान होते की भोके जुळत नाहीत. लोक ते ओढून बसवतात आणि कोपऱ्यात चीर पाडतात. साधे कॉर्क असेल तर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, ते फुगून मापात येते. वाकवल्यावर मोडू लागले तर मात्र दुकानदाराला परत करा.

आता सिलिकॉन. त्याच्यामुळे झालेले नुकसान गळतीने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असू शकते. रबरी पॅकिंगवर सिलिकॉन लावले तर ते ओले असेपर्यंत साबणासारखे काम करते. बोल्ट आवळला की पॅकिंग घसरून बाहेर पडते. रबरी पॅकिंग कोरडेच बसवायचे. कॉर्कला चेंबरच्या बाजूने अगदी पातळ थर लावला तर ते बसवताना जागेवर राहते, एवढाच त्याचा उपयोग. जास्त लावलेले सिलिकॉन बाहेर जेवढे फुगून दिसते तेवढेच आतही फुगते. आतला तो दोरा कधीतरी सुटतो, ऑइलबरोबर वाहत जाऊन पंपाच्या जाळीवर बसतो आणि पंपाला ऑइल मिळेनासे होते. मग बेअरिंग जाते. चेंबर उघडाल तेव्हा जाळी नक्की पाहा. तुमच्या जीपमध्ये तिथे सिलिकॉनचे तुकडे सापडले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सिलिकॉन खरोखर हवे असते ते जोडांच्या कोपऱ्यांत. पुढचे टायमिंग कव्हर ब्लॉकला जिथे मिळते आणि मागे क्रँकच्या शेवटच्या बेअरिंगची कॅप जिथे बसते, तिथे दोन धातूंमध्ये केसभर पायरी असते. सपाट पॅकिंग ती पायरी भरू शकत नाही. या चार कोपऱ्यांत हरभऱ्याएवढा ठिपका द्यावा. गळतीच्या बऱ्याच तक्रारी या कोपऱ्यांतूनच येतात. काही नव्या गाड्यांना तर पॅकिंग नसतेच. कारखान्यातच सिलिकॉनची एकसंध धार देऊन चेंबर चिकटवतात. तिथे साधारण ३ मिलिमीटर जाडीची अखंड धार, भोकांच्या आतल्या बाजूने, हाच उपाय.

कोणते सिलिकॉन? हार्डवेअरच्या दुकानातले बाथरूमचे नको. ते ऑइलमध्ये फुगते आणि सुटते. शिवाय त्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो ॲसिटिक आम्लाचा, आणि ते धातूला गंज आणते. इंजिनासाठी म्हणून विकले जाणारे, ऑइल सहन करणारे घ्या. आणखी एक समज ऐकू येतो की पावसाळ्यात सिलिकॉन वाळत नाही. उलटे आहे. हे सिलिकॉन पाणी उडून वाळत नाही, हवेतली आर्द्रता ओढून घट्ट होते. वाईच्या जुलैत ते लवकर साय धरेल आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी सावकाश. म्हणजे पावसाळ्यात धार दिल्यावर चेंबर चढवायला उशीर करू नका, एवढेच. बसवायची जागा मात्र कोणत्याही ऋतूत कोरडी हवी.

आता प्रत्यक्ष काम. जीप जॅकवर उचलली की लगेच स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, आणि जॅक चेंबरला तर कधीच लावू नये. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, उकळते असताना नाही. हातमोजे घाला, जुने ऑइल कातडीला चांगले नाही. ते गटारात न ओतता गॅरेजच्या पिंपात द्या. काही गाड्यांत पुढचा ॲक्सल किंवा आडवा बीम आड येतो. तिथे इंजिन थोडे उचलावे लागते आणि ते काम घरी करू नये. बोल्ट काढताना कोणता कुठला ते पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्यात टोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. चेंबर चिकटून बसला तर स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका. एका ओरखड्याने गळतीला कायमची वाट मिळते. लाकडी ठोकळा ठेवून बाजूने ठोका.

काम खरे म्हणजे यानंतर सुरू होते. ब्लॉकच्या बाजूचा फेस आणि चेंबरचा काठ दोन्ही इतके साफ हवेत की बोट फिरवल्यावर काही लागता कामा नये. जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर पोलादी पात्याला हात लावू नका. मग चेंबर उलटा करून जाड काचेवर ठेवा आणि कडेने टॉर्च मारा. जिथून उजेड दिसेल तिथून ऑइल येणार. भोकाभोवतीचा फुगवटा लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने खाली बसवा, पुन्हा काचेवर ठेवून पाहा, आणि उजेड बंद होईपर्यंत हे चालू ठेवा. कंटाळवाणे आहे, पण तुमच्या दोन्ही वेळा नेमके हेच राहून गेले असावे, कारण दुसऱ्यांदा पॅकिंग बदलताना काठ तपासल्याचा उल्लेख पत्रात नाही.

वरून टिपटिप ऑइल पडत राहते, ही आणखी एक अडचण. पुसलेला फेस दहा मिनिटांत पुन्हा ओला होतो. शक्य असेल तर चेंबर काढून गाडी रात्रभर तशीच ठेवा, ऑइल निथळू द्या. सकाळी पेट्रोल न वापरता ब्रेक क्लीनर किंवा थिनरने, हवेशीर जागी, आसपास विडी-काडी नसताना, शेवटचा हात मारा. फेस कोरडा झाला की लगेच चेंबर चढवा. बोल्टांच्या भोकांत ऑइल साचले असेल तर तेही पुसून काढा. बंद तळाच्या भोकात ऑइल राहिले की बोल्ट त्यावर दाबून बसतो, हाताला घट्ट लागतो आणि प्रत्यक्षात चेंबर सैलच राहतो.

चढवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी दोन-चार आटे लावून घ्या. एकही आवळू नका. सगळे लागले की मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही टोकांकडे जा. पहिल्या फेरीत नुसते टेकवा, दुसरीत निम्मा जोर, तिसरीत पुस्तकातला आकडा. काठाबाहेर पॅकिंग सगळीकडे सारखे, अगदी किंचित डोकावताना दिसायला हवे. एका जागी जीभ बाहेर आली असेल तर तिथे जास्त झाले. कोपऱ्यांत सिलिकॉन वापरले असेल तर ऑइल भरण्याआधी डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. बहुतेकांवर २४ तास असतो. नुसते कॉर्क असेल तर वाट पाहायची गरज नाही. पण इंजिन एकदा तापून थंड झाले की कॉर्क थोडे बसते, म्हणून तेव्हा एक फेरी त्याच आकड्याने पुन्हा तपासा. सिलिकॉनच्या जोडाला ही दुसरी फेरी देऊ नका, घट्ट झालेला थर तुटतो.

भरताना ऑइल पट्टीवरच्या खुणेइतकेच. 'गळतेच आहे तर थोडे जास्त' असा हिशेब करू नये. पातळी फार वर गेली की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंपात हवा जाते. तुमच्या मिस्त्रींनी जाड ऑइल सुचवले असेल तर तेही नको. काठाच्या फटीतून पाझरणारे ऑइल जाड केल्याने फार तर सावकाश पाझरते, आणि थंड सकाळी तेच जाड ऑइल वर टॅपेटपर्यंत पोचायला वेळ लावते.

राहिला फरशीवरच्या डागाचा प्रश्न. किती गळले की घाबरायचे? काठाला नुसता ओलसरपणा, त्यावर धूळ बसलेली, पण थेंब पडत नाही, अशी जुनी जीप निरोगी समजावी. थेंब पडत असेल तर रात्री खाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी मोजा. दर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब. ढोबळ हिशेबाने ५० ते ७० मिलिलिटर. महिन्याला ते दीड-दोन लिटरच्या घरात जाते, म्हणजे पट्टी रोज पाहायला हवी. एका रात्रीत पुठ्ठ्यावर दोन-तीनच ठिपके असतील, तर हा दिवाळीनंतर सवडीने करायचा उद्योग आहे. मात्र ओघळ सायलेन्सरच्या पाइपवर पडून धूर येत असेल तर ठिपके मोजत बसू नका. गाडी उभी करा आणि काम आधी उरका.